मारबतीचा चेहरा

पान उडू नये म्हणून दादाने डावा हात कॉमिकवर ठेवला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. पंखा जोरात होता, पान फडफडत होतं, हात ठेवणं साहजिकच होतं. पण त्याच पानावर, अगदी खालच्या चौकटीत, तळघराच्या दाराआडून मारबत नावाच्या राक्षसाचा हात बाहेर आला होता, आणि दादाचा हात बरोबर त्याच्या शेजारी जाऊन बसला. करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट एकमेकांना चिकटून एक झालेलं, मधलं बोट अर्ध्यातून आत वळलेलं, अंगठ्याच्या बुडाशी कातडीची जाड घडी. एक हात शाईचा, दुसरा हाडामांसाचा, बाकी काही फरक नव्हता. दादाने पाहिलं की नाही ते मला कळलं नाही. त्याने नेहमी उलटतो तेवढ्याच वेळाने पान उलटलं. पुढच्या पानावर कॉमिकचा नायक सब्बल तलवार उपसून उभा होता. त्याला पाहून दादा हसला. त्याच्या ओठाचा उजवाच कोपरा हसतो, डावा तसाच राहतो. म्हणाला, "तलवार लय जड देल्ली बे मले या टायमाले."

कॉमिक माझं आहे. चित्रं माझी, गोष्टही माझी, छापणारे दिल्लीचे. हिंदीत निघतं आणि बऱ्यापैकी वाचलं जातं, हे सांगताना मी खांदे उडवतो, पण मला ते फार आवडतं हे रेणूला, म्हणजे माझ्या बायकोला, चांगलं माहीत आहे. राखगढ नावाचं एक शहर आहे, तिथे आभाळातून कायम राख पडते, आणि त्या शहरात दोन चोर राहतात. थोरला सब्बल, म्हणजे पहार, धाकटा सुतली. सब्बल दारं उचकटतो, सुतली फटीतून आत शिरतो. पहिल्या अंकात त्यांनी मेलेल्या राणीच्या तोंडातला हिऱ्याचा दात चोरला, तर तो दात शहरभर लोकांना चावत त्यांच्या मागे फिरला. दुसऱ्या अंकात त्यांनी एका मांत्रिकाची सावली पळवली. सब्बलचा चेहरा मी दादाच्या एका जुन्या फोटोवरून काढला आहे. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, केस मधोमध पाडलेले, गळ्यात रुमाल. बाबांनी त्याचं नाव धर्मेंद्र ठेवलं ते उगाच नव्हतं, असं भिलाईच्या कॅम्प-वनमधल्या, आमच्या वस्तीतल्या बाया तेव्हा म्हणायच्या. सुतलीच्या डोक्यावर मी कायम तोंड झाकणारा टोप दिला आहे. त्याचा चेहरा तिन्ही अंकांत कुठेच दिसत नाही. वाचकांना त्यात काहीतरी गूढ वाटतं.

दादाला वाटतं की तो सब्बल आहे, आणि ते मीच त्याला सांगितलं होतं. कॅम्प-वनच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं पंखे आणि मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. डाव्या हाताची दोनच बोटं चालतात, तरी तो तांब्याची तार इतकी सफाईने गुंडाळतो की दहा बोटांचे कारागीर मागे पडावेत. गिऱ्हाईक दारात उभं राहतं, पंखा पुढे सरकवतं आणि बोलताना त्याच्या खांद्याच्या वर, भिंतीकडे पाहतं. बावीस वर्षांत दादाला लोकांची ही नजर पाठ झाली आहे. म्हणून त्याने नेमकं त्याच जागी, खांद्याच्या वर, पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मोठं करून लावलं. आता भिंतीकडे पाहणाऱ्याला सब्बल दिसतो, आणि दादा मान न वळवता सांगतो, "हा मी हाव. माह्या भावानं काहाडला." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. आपण केवढं पुण्याचं काम केलं, असंही वाटलं होतं. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो.

तिसऱ्या अंकासाठी भयंकर असं काही सुचत नव्हतं. शिंगं काढली, सुळे काढले, आठ डोळे काढले. संपादकबाई फोनवर म्हणायच्या, "अंकुर जी, डर नहीं लग रहा. ये तो मेले वाला राक्षस है." एका दुपारी आमच्या बोरसीच्या फ्लॅटमध्ये टेबलाशी बसलो होतो, हात नुसताच कागदावर फिरत होता, आणि तो हात उतरला. मी काढला असं म्हणणं खोटं ठरेल, आणि आपोआप उतरला म्हणणं त्याहून खोटं. मला पहिल्या रेघेलाच कळलं होतं कोणाचा आहे. कळल्यावर मी पेन्सिल ठेवली नाही. उलट कातडीची घडी कुठून सुरू होते ते आठवायला डोळे मिटले, आणि ती आठवली याचा मला आनंद झाला, कोडं सुटल्यावर होतो तसा. बाईंनी चित्र पाहून लगेच फोन केला. म्हणाल्या, "ये कहाँ से लाए?" आणि पुढे म्हणाल्या, चेहरा आता दाखवू नका, चेहरा राखून ठेवा, चौथ्या अंकात पूर्ण पानभर. राक्षसाला नाव हवं होतं. मी मारबत दिलं. दिल्लीत त्याचा अर्थ कोणाला माहीत असणार?

आमच्या घरात मात्र माहीत होता. आजोबा गोंदियाकडून भिलाईला आले, बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, शेती गेली, बैल गेले, तरी मायने पोळा सोडला नाही. मातीचे बैल आणते, दारावर पळसाच्या फांद्या खोचते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या फांद्या काढून, घरातल्या कानाकोपऱ्यावरून फिरवून, गल्लीच्या टोकाला नेऊन फेकते आणि ओरडते, "ईडा पीडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत." घरातलं जेवढं म्हणून वाईट, तेवढं सगळं त्या मारबतीने अंगावर घेऊन गावाबाहेर जायचं आणि परत यायचं नाही. शेजारच्या छत्तीसगढी बाया हसतात, मग त्याही आपली एखादी फांदी तिच्याजवळ देतात. आज पोळाच होता. दादाने कॉमिक मिटलं आणि म्हणाला, "एक चुकलं तुहं. मारबत तं बाई असते. हे बाप्या कावून केला?" मी म्हणालो, "हिंदीत चालते." तो म्हणाला, "हिंदीत काईबी चालते," आणि आतल्या माणसासारखा, म्हणजे ज्याला सगळं ठाऊक आहे अशा माणसासारखा, मान हलवून मोटारीकडे वळला. की मलाच तसं वाटलं?

माय दुपारी करंज्या तळत होती. तिने ओला झारा कढईजवळ नेला आणि दादा दुकानातून न पाहताच बोलला, "माय, पुसून घे तो." हे बाबांचं आहे. बाबा, देवराव, प्लांटात कास्टिंगला, म्हणजे धातू साच्यात ओतायच्या खात्यात होते. तीस वर्षं वितळलेल्या लोखंडासमोर उभं राहिलेला माणूस घरी येऊन ओल्या तव्याला भ्यायचा. माय तवा धुऊन चुलीवर ठेवू लागली की उठून स्वतः फडक्याने कोरडा करायचे. म्हणायचे, "ओलं भांडं अन् तापला धातू, याईची सोयरीक करू नोका." दुसरं काही त्यांनी आम्हाला शिकवलं नाही, शिकवायला वेळच नव्हता, पण हे एक वाक्य आमच्या डोक्यात इतक्या वेळा घातलं की मला आजही ओल्या कपात चहा ओतवत नाही. पाण्याचा एक थेंब धातूखाली सापडला तर त्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर यायला वाट एकच, वर. भिलाईतलं शेंबडं पोरही हे सांगेल.

आणि तरी. बावीस वर्षांपूर्वीचा पोळा, मी सतराचा, दादा एकवीसचा. आम्ही चोर होतो. राखगढचे नव्हे, कॅम्प-वनचे, भुरटे. रुळांपलीकडच्या झुडपात ॲल्युमिनियमच्या जाड तारा पडलेल्या असायच्या, दादा वजन उचलायचा, मी काटेरी कुंपणाच्या फटीतून आत जायचो. तार तशीच विकली तर भंगारवाला ओळखेल, म्हणून ती वितळवून विटा करायच्या, ही दादाची अक्कल. मागच्या अंगणात विटा रचून केलेली भट्टी, कोक, सायकलच्या चाकावर बांधलेला भाता, आणि बेकरीतून आणलेला पावाचा लोखंडी डबा, तो साचा. बाबा ड्यूटीवर, माय बैल पाहायला गेलेली, गल्ली रिकामी. डबा आठवडाभर पावसात पालथा पडलेला. तो चुलीवर ठेवून कडक तापवायचा, मग भट्टीशेजारी आणून द्यायचा, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी तो उचलला, आतलं पाणी झटकलं, तळाच्या कडेला ओल दिसत होती, बोट लावलं तर बोट ओलं झालं. हे बोट मला आजही आठवतं. चुलीत शेणी घालायच्या, फुंकायचं, धूर डोळ्यात जाणार, आणि मी तेव्हा भिंतीवर कोळशाने एक घोडा काढत होतो, त्याचे मागचे पाय मनासारखे जमत चालले होते. दादा अंगणातून ओरडला, "तापवला का?" मी म्हणालो, "तापवला." डबा नेऊन ठेवला आणि घोड्याकडे परत आलो. त्यामुळे मला काही झालं नाही. दादाने डब्यात धातू ओतला तेव्हा मी भिंतीआड होतो. आवाज फटाक्यासारखाही नव्हता, कोणीतरी ओली गादी जोरात आपटावी तसा. मग दादाचा आवाज, तो मी लिहू शकत नाही, काढू मात्र शकतो, तिसऱ्या अंकाच्या अठराव्या पानावर तो काढला आहे.

दवाखान्यात स्टोव्ह फुटला असं सांगितलं. चोरीचं निघालं असतं तर बाबांची नोकरी गेली असती. पण बाबांना कसं फसवणार? त्यांनी अंगणातली भिंत पाहिली, प्लास्टरमध्ये चांदीसारखे कण रुतले होते. ते त्यांनी तीन दिवस खिळ्याने एकेक करून काढले आणि वरून चुना फासला. दादाच्या तोंडावरचं पहिलं बँडेज निघालं त्या दिवशी खाटेजवळ उभं राहून त्यांनी एकच विचारलं, "साचा कोनं तापवला होता?" मी खाटेच्या पायाशी उभा होतो. दादाला नीट बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "म्या." बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "एवढंच तं शिकवलं होतं तुमाले." त्यानंतर सात वर्षं ते जगले आणि त्या सात वर्षांत दादाशी कामापुरतंच बोलले. मीठ दे, दार लाव. एवढा देखणा मुलगा विद्रूप झाला याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. आपला मुलगा ओल्या साच्यात धातू ओततो, ही नामुष्की त्यांना गिळता आली नाही. मरताना त्यांनी मला जवळ घेतलं. दादा दारातच उभा होता.

दादाने ते का अंगावर घेतलं हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला माहीत असलेलं उत्तर असं, की तो मला वाचवत होता, आणि त्याला वाटत होतं की मी डबा खरंच तापवला होता, फक्त जरा कमी तापवला असेल, पोरगं आहे, चुकतं. चूक आणि खोटं यांच्यात एक ओलं बोट आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे. बावीस वर्षं आमचं नातं त्या बोटभर जागेवर उभं आहे. त्याचा सब्बल, त्याची ती भिंत, "माह्या भावानं काहाडला" हे सगळं. त्याने पानावरचा हात ओळखला असेल तर निम्मं गेलंच. मी दिवसभर त्याच्या मागे घुटमळत राहिलो. कॉमिक पुन्हा समोर ठेवून पाहिलं, त्याने त्यावर हातातला स्क्रू पिळायचा पेचकस ठेवला. विचारलं, "कसा वाटला मारबत?" म्हणाला, "भेव वाटते." एवढंच. माझ्यातल्या चित्रकाराची कॉलर तेवढ्यातही ताठ झाली, हे नोंदवून ठेवायला हवं.

संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो, दादा दोन हातांच्या अंतरावर. उद्या बाराच्या आत चेहरा पाहिजे, पानभर, छपाई थांबली आहे. पटकथा त्यांना फार आवडली होती, खास करून शेवट. "वो गीला साँचा! क्या सोचा है आपने!" त्यांचा आवाज मोठा आहे, फोनच्या बाहेर येतो. शेवट असा आहे, की मारबत वितळलेलं सोनं पितो, त्यावरच जगतो, आणि त्याला मारता येत नाही. मग सुतली त्याचा सोनं प्यायचा साच्यासारखा प्याला चोरतो, तळाशी पाणी ठेवतो, आणि मारबत विचारतो, प्याला तापवलास का? सुतली म्हणतो, तापवला. मी हे लिहिलं तेव्हा घरात एकटाच मोठ्याने हसलो होतो. मला दुसरा शेवट माहीतच नव्हता. शिवाय एखादी गोष्ट राक्षसाच्या बाबतीत घडवली की ती आपल्या हातून घडलेली राहत नाही, असं काहीसं वाटलं असावं. फोन ठेवून वळलो तर दादा तार गुंडाळत होता. वेढे मोजताना तो ओठ हलवतो. ओठ हलत नव्हते.

रेणू माहेरी मोहन नगरला होती, मी कॅम्पातच झोपलो. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि माय पळसाच्या फांद्या कोपऱ्यांवरून फिरवत होती, मोटारींवरून, धान्याच्या डब्यावरून, माझ्या पायांवरून. दादाच्या डोक्यावरून तिने फांदी तीन वेळा उतरवली, दरवर्षी उतरवते, आणि चप्पल घालून गल्लीत गेली. दादा अंघोळ करून, केस मधोमध पाडून दुकानातल्या स्टुलावर बसला होता. शटर अर्धं वर केलेलं, ऊन नेमकं त्याच्या डाव्या गालावर. शर्टाचं वरचं बटण उघडं, म्हणजे मानेपर्यंतचा भाग दिसावा. समोर माझ्यासाठी खुर्ची, खुर्चीवर माझी वही आणि पेन्सिल. माझी पिशवी उघडी होती. पटकथेची पानं त्याच्या मांडीवर, नीट क्रमाने लावलेली.

"बस," तो म्हणाला.

"दादा, ते—"

"हात बेस जमला तुले. पन कानाचं चुकवशीन. तू आठवनीतून काहाडतं, म्हून चुकते." त्याने चिकटलेल्या बोटांनी कानाचा उरलेला भाग पुढे केला. "पाय, हितं टाक्याची शिवन हाय. हे कोनालेच मालूम नाई. मायलेबी नाई. कोनी एवढ्या जवळून पायलंच नाई ना."

मी बसलो. वही-पेन्सिल उचलून हातात घेतली. बावीस वर्षांत मीही त्याच्या खांद्याच्या वर पाहत बोलत आलो होतो, हे मला त्याच्या समोर बसल्यावर कळलं. आज पहिल्यांदा समोर पाहिलं. कातडी कुठे मांडीची काढून लावलेली होती, कुठे स्वतःची, पापणी कशी खाली ओढली गेली होती, डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते रोजच येतं, डोळ्याची ती अश्रूंची पिशवी फाटलेली आहे. दादा मांडीवरच्या पानांकडे पाहत बोलू लागला, गिऱ्हाइकाला मोटार कशाने जळाली ते समजावतो त्या आवाजात.

"एक समजलं नाई मले. सुतली त्याले म्हनते, तापवला. तं सुतलीले तवा मालूम असते का, का प्याला ओला हाय म्हून? का तो विसरते?"

गल्लीच्या टोकाकडून मायचा आवाज आला. म्हाताऱ्या गळ्यातून, सगळी ताकद लावून. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.

विसरतो, असं म्हणता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं, आणि मला एकदम जाणवलं की तो हे ऐकायला तयार आहे, त्याने बावीस वर्षं याच शब्दावर काढली आहेत, आजही तो मला हाच शब्द हातात देतो आहे. फक्त घ्यायचा होता. पण सुतली विसरला असेल तर शेवट पडतो. तो जाणूनबुजून खोटं बोलतो म्हणूनच शेवट चांगला आहे. मी खरं बोललो ते या कारणाने. प्रामाणिकपणाने नाही.

"मालूम असते," मी म्हणालो. "बोट लावून पायते तो."

दादाने पानं गोळा केली, मांडीवर आपटून सारखी केली, आणि पंख्याच्या पात्याखाली दाबून ठेवली. माझ्या डोक्यावरून त्याने भिंतीकडे पाहिलं, गिऱ्हाइकं पाहतात तसं.

"बाबा असता तं त्याले वाचून दाखवलं असतं म्या," तो म्हणाला. "सात वर्षं, अंकुर. मीठ दे, दार लाव. मी रोज विचार करो, आज सांगू का. मंग म्हनो, जाऊ दे, लहान हाय, चुकलं असन त्याचं."

त्याने डोळे पुसले नाहीत, आणि ते रोजचं पाणी होतं की आजचं, हे मला आजही सांगता येणार नाही. मग तो स्टुलावर सरळ बसला आणि गाल उन्हाकडे केला.

"काहाड आता. ऊन सरकून राह्यलं."

त्या क्षणी पेन्सिल फेकून त्याचे पाय धरायला हवे होते, हे मला कळत होतं. माणूस म्हणून जे काही उरलं होतं, ते तेवढ्यासाठी उठूही पाहत होतं. पण ऊन खरंच सुंदर पडलं होतं. गालावरची प्रत्येक वळी वेगळी दिसत होती, आणि हनुवटीखाली थोडी सावली येत होती, ती नको होती. मी वही मांडीवर घेतली. पेन्सिलीचं टोक तपासलं.

"दादा," मी म्हणालो, "हनुवटी जराशी वर कर."

त्याने केली.